दुधनीहून विद्यापीठाकडे : सीमाभागातील विद्यार्थी आणि अध्ययनाची भाषा

विद्यापीठात नव्याने प्रविष्ट झालेल्या विद्यार्थ्यास तेथील अध्ययनपद्धतीशी जुळवून घेताना ज्या अडचणी येतात, त्यांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक शिस्तीचे अंग : वाचनाचा नेम, टिपणे काढण्याची रीत, ग्रंथालयाचा उपयोग, परीक्षेची तयारी. दुसरे इंग्रजीचे अंग : मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी इंग्रजी ग्रंथांपुढे अडखळतो, हे. ह्या दोहोंत तथ्य आहे. परंतु ह्या दोहोंच्या आड एक तिसरी गोष्ट दडून राहते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती अधिक मूलगामी आहे. विद्यापीठीय विवेचनाची मराठी ही कोणाचीच घरची भाषा नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्याचीही नाही. ती प्रत्येकाला शिकावी लागते. मात्र ती शिकविणे हे आपले काम आहे, असे विद्यापीठांनी सहसा मानलेले दिसत नाही. हे असे का घडत आले, ह्याचा मागोवा सीमेवरील एका गावाच्या बाजूने घ्यावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ते गाव म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील दुधनी. मुंबईहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होटगी आणि अक्कलकोट रोड ही स्थानके मागे पडली की दुधनी लागते. तेथून पुढे थोडक्यातच कर्नाटकाची हद्द सुरू होऊन गाणगापूर रोड आणि मग कलबुर्गी येते. १८७१ साली हा मार्ग रायचूर येथे मद्रासकडील मार्गास मिळाला, तेव्हापासून दोन्ही बाजूंची मोठी शहरे ह्या टापूला एकाच रुळावर आलेली आहेत. दुधनीची बाजारपेठ तुरीसाठी ओळखली जाते. गावाची बोलण्याची भाषा प्रामुख्याने कन्नड. तिच्या जोडीस मराठी आणि दखनी उर्दू. अक्कलकोट तालुक्यात आजही मराठी शाळांबरोबर कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमेचा वाद उभा राहिला, महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट तालुका तत्कालीन मैसूर राज्याकडे जावा अशी शिफारस केली, आणि ती महाराष्ट्राने मान्य केली नाही, हा इतिहास सर्वविदित आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नापुरते इतकेच ध्यानात घ्यावयाचे की, दुधनीच्या मुलास उच्च शिक्षणाचे दोन रस्ते दिसतात, एक वायव्येस सोलापूरकडे व दुसरा पूर्वेस कलबुर्गीकडे. आणि कोणताही धरला तरी वाटेत भाषा बदलावी लागते.

ही भाषा बदलण्याची अट नवी नव्हे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, हा योगायोग मला नेहमी सूचक वाटत आला आहे : एकीकडे मराठी शब्दसंपदा पद्धतशीरपणे नोंदली जात होती, आणि दुसरीकडे ती शब्दसंपदा जेथे लागू नये अशी संस्था उभी राहत होती. १८६०च्या दशकाच्या आरंभीच विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेच्या वरच्या पायऱ्यांवरून देशी भाषांस बाजूस सारले व त्यांच्या जागी संस्कृतासारख्या अभिजात भाषा नेमल्या. ह्यामागील युक्तिवाद वाङ्मयाच्या दारिद्र्याचा होता. देशी भाषांत पदवीस साजेसे ग्रंथ नाहीत, तेव्हा त्यांची परीक्षा कशी घ्यावयाची, असे म्हटले जाई. १८६२ साली पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ह्या पिढीने मराठी शाळेतून इंग्रजी वर्गात जाण्याचे संक्रमण स्वतःच्या बळावर पार पाडले. ते असामान्य बुद्धीचे होते, त्यामुळे त्यांचे यश हा पद्धतीचा पुरावा मानला गेला. वस्तुतः तो त्यांच्या बुद्धीचा पुरावा होता.

रानड्यांना स्वतःला ह्याचे भान होते, असे मानण्यास जागा आहे. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे इंग्रजी टिपण १८९८ सालचे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे ह्या खटपटीचा तो भाग होता. ग्रंथ नाहीत ह्या आक्षेपास त्यांनी ग्रंथ मोजून उत्तर दिले. १९०१ साली एम. ए. परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे निवर्तले. परंतु हा विजय मराठी ह्या विषयाचा होता. अध्ययनाचे माध्यम म्हणून मराठीचा विचार त्यात अभिप्रेत नव्हता. विषय आणि माध्यम ह्यांची गल्लत आपल्याकडे अजूनही होते, म्हणून हे बजावून सांगावे लागते.

तोवर विवेचनाची मराठी मात्र विद्यापीठाबाहेर घडत होती. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. शालेय पुस्तकांच्या भाषेवर मेजर कँडीची करडी नजर होती, आणि मराठी छापील गद्यात विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेयही सामान्यतः त्यालाच दिले जाते. १८७४ ते १८८१ ह्या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ चालविली व प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून ते खोडून काढणारे लांब, पल्लेदार वाक्य मराठीत स्थिर केले. आज आपण ज्या भाषेत प्रबंध लिहितो, तिची ठेवण बऱ्याच अंशी येथली आहे. हे सर्व लेखक द्वैभाषिक होते, ही गोष्ट विसरता कामा नये. त्यांच्या गद्यास इंग्रजीची वाक्यरचना व संस्कृताची पदावली ह्यांचा आधार होता. ग्रांथिक मराठी ही जन्मतःच भाषांतराच्या कुशीत वाढलेली भाषा आहे. तिला शुद्ध घरगुती बोलीचे परिष्कृत रूप समजणे हा भ्रम आहे. आधुनिक भाषाविज्ञानात विशिष्ट कार्यक्षेत्राला बांधलेल्या अशा भाषारूपास ‘प्रयुक्ती’ म्हणतात. न्यायालयाची प्रयुक्ती असते, अडत दुकानाची असते, तशी विद्यापीठाचीही.

आता कन्नडभाषी घरातून येणाऱ्या विद्यार्थ्याकडे वळू. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक विलक्षण परिस्थिती होती. धारवाडकडील प्रदेश पेशवाईच्या अमलातून इंग्रजांकडे आला, तेव्हा तेथील दप्तराची भाषा मराठी होती. त्यामुळे सरकारी शाळाही मराठी निघाल्या, आणि कन्नड बोलणारी मुले मराठीतून अक्षर गिरवू लागली. १८३०च्या दशकात वॉल्टर इलियट ह्या अधिकाऱ्याने व पुढे १८६०च्या दशकात शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा ह्यांनी कन्नड शाळांचा आग्रह धरला, तेव्हा कोठे चित्र पालटले. ह्या प्रसंगापासून मराठी विद्वानांनी काही शिकावयास हवे होते. इंग्रजीच्या संदर्भात जी तक्रार आपण शंभर वर्षे करीत आलो, तीच तक्रार आपल्याविरुद्ध करण्याचा अधिकार दक्षिणेकडील मुलांस होता. पण आपल्या शिक्षणविषयक लेखनात ही बाजू क्वचितच येते.

सीमेपलीकडे, निजामाच्या राज्यात, वेगळाच प्रयोग झाला. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले व उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूची योजना झाली. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून शास्त्रीय ग्रंथांची व परिभाषेची मोठी निर्मिती करण्यात आली. हिंदुस्थानी भाषेतून विज्ञान व कायदा शिकविता येतो, हे ह्या प्रयोगाने दाखवून दिले. (ह्याच्या दोन वर्षे आधी, १९१६ साली, महर्षी कर्व्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठात मातृभाषेचे माध्यम स्वीकारलेले होते. त्या लहानशा प्रयोगाची आठवण माध्यमाच्या चर्चेत फारशी निघत नाही, हे चमत्कारिक आहे.) परंतु गुलबर्ग्याचा कन्नड विद्यार्थी, औरंगाबादचा मराठी विद्यार्थी वा वरंगळचा तेलुगू विद्यार्थी ह्यांच्या दृष्टीने उर्दू हीदेखील दुसऱ्या कोणाची तरी भाषा होती, आणि अरबी-फारसी परिभाषा तर उर्दू बोलणाऱ्या घरांनाही सर्वस्वी परिचयाची नव्हती. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ आंदोलनात उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. ह्या विद्यार्थ्यांस शिक्षणाच्या मध्यावर उर्दूकडून इंग्रजीकडे वळावे लागले. राजकीय इतिहासकार ह्या प्रसंगातील त्याग नोंदवितात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या मुलांनी नागपुरात बसून पहिले उत्तर कोणत्या भाषेत जुळविले असेल, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास सुटत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात सोलापूर जिल्ह्याची विद्यापीठे बदलत गेली. शहरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये निघाले होते; संगमेश्वर महाविद्यालय १९५३ चे. १९४९ पर्यंत मुंबई, मग पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि २००४ पासून एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ, जे २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांच्या नावाने ओळखले जाते. पलीकडे धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ १९४९ चे व गुलबर्गा विद्यापीठ १९८० चे. म्हणजे दुधनीच्या विद्यार्थ्यापासून विद्यापीठाचे अंतर दीडशे वर्षांत मुंबईपासून सोलापूरपर्यंत कमी झाले. लोहमार्गाच्या हिशेबाने ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचे मोल कमी लेखू नये. पहाटेच्या गाडीने सोलापुरास येऊन रात्री घरी परतणारा पदव्युत्तर विद्यार्थी ही गोष्ट पूर्वी संभवत नव्हती.

माध्यमाचे काय झाले? कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रादेशिक भाषा सुमारे दहा वर्षांत विद्यापीठाचे माध्यम व्हाव्यात, असे सुचविले. त्याच्या आगेमागे कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा क्रमाक्रमाने मिळत गेली. केंद्राच्या साहाय्याने नागपूरचे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले. त्याने काही चांगली पुस्तके दिली. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. ह्या साऱ्या खटाटोपाचा भर शब्दांवर होता. ‘फोनीम’ला स्वनिम म्हणावे की वर्ण, ह्यावर आपण पुष्कळ शाई खर्च केली. परंतु प्रयुक्ती ही शब्दांची यादी नव्हे. विधान कसे करावे, दुसऱ्याचे मत आपल्या मतापासून वेगळे कसे ठेवावे, शंका किती निश्चयाने मांडावी, हे वाक्यरचनेचे व्यवहार आहेत, आणि त्यांचा कोश निघत नाही.

ही पोकळी ज्या गोष्टीने भरून काढली, तिची आपण सर्वजण निंदा करतो व सर्वजण तिचा आश्रय घेतो. ती म्हणजे उतरवून दिलेली टिपणे. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने (१९१७–१९) टिपणे घालून देण्याच्या व ती घोकण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली होती. ती प्रथा शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे. शिक्षकांचा आळस व विद्यार्थ्यांची परीक्षार्थी वृत्ती ही तिची कारणे नेहमी सांगितली जातात. मला ती अपुरी वाटतात. एखादी रीत मुंबई, कलकत्ता, हैदराबाद, सोलापूर अशा परस्परांहून भिन्न ठिकाणी, भिन्न माध्यमांत, इतका दीर्घकाळ टिकते, तेव्हा ती काहीतरी काम करीत असली पाहिजे. तिचे काम असे : ज्याला विद्यापीठाच्या भाषेत स्वतःचे वाक्य रचता येत नाही, त्याला ती तयार वाक्ये पुरविते. घरची भाषा व परीक्षेची भाषा ह्यांमधील ओढ्यावर टाकलेला तो ओंडका आहे. त्यावरून पदवीपर्यंत जाता येते. पदव्युत्तर वर्गात मात्र विद्यार्थ्याकडून एकदम स्वतःच्या वाक्याची अपेक्षा केली जाते, आणि तेथे ओंडका संपतो. शोधनिबंधाच्या पहिल्या प्रकरणावर अडून विद्यार्थी नाहीसे होतात, ते पुष्कळदा ह्याच ठिकाणी. त्यांची नोंद ‘अनियमित’ अशी होते.

ह्याविषयी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत परीक्षेत एका विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘भाषा ही एक सामाजिक संस्था आहे म्हणून व्हिट्नी सांगतो. हे मी वाचलो.’ विद्यार्थी दुधनीच्या बाजूचा. घरी कन्नड, शिक्षण पुढे मराठीतून. मी ‘वाचलो’खाली तांबडी रेघ ओढली आणि पहिल्या वाक्यापुढे ‘कार्यकारणसंबंध चुकला’ असा शेरा दिला. पुढे त्याच उत्तरात चार-पाच विधाने ओळीने येऊन शेवटी ‘म्हणून व्हिट्नी सांगतो’ असे पुन्हा आले होते. ती विधाने विद्यार्थ्याने दुसऱ्याची असून स्वतःची म्हणून मांडली आहेत, असा माझा ग्रह झाला, व तेथेही गुण कापले गेले.

‘मी वाचलो’ ह्याचे स्पष्टीकरण तर मला त्याच वेळी सुचावयास हवे होते. प्रमाण मराठीत सकर्मक धातूच्या भूतकाळी क्रियापद कर्माशी जुळते : मी पुस्तक वाचले, मी पोथी वाचली. कन्नडात ते कर्त्याशीच जुळते. सोलापूर, सांगली, बेळगाव ह्या पट्ट्यातील मराठीत ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ अशी रूपे सर्रास आढळतात, ती ह्या सान्निध्यातून. ‘भिंत पडलं’ ह्यासारखे प्रयोगही तसेच; कन्नडात लिंगव्यवस्था अर्थानुसारी आहे, मनुष्यवाचक नसलेली नामे एकाच वर्गात पडतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड ह्या गावाविषयी गम्पर्झ व विल्सन ह्यांचा जो निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला, त्यात तेथील मराठी व उर्दू ह्यांनी हीच अर्थानुसारी लिंगव्यवस्था स्वीकारल्याचे दाखविले आहे. आणि उलट दिशेने तेथील कन्नडानेही शेजारच्या भाषांच्या काही घडणी घेतल्या आहेत. शब्द वेगळे, वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक, असे ते चित्र आहे. हा निबंध मी दरवर्षी शिकवीत होतो. शिकविलेले ज्ञान उत्तरपत्रिका तपासताना हाताशी येत नाही, हा अनुभव इतर अध्यापकांनाही असेल, अशी आशा करतो.

‘म्हणून’चा प्रकार अधिक गहन आहे. कन्नडात दुसऱ्याचे म्हणणे सांगताना ते म्हणणे आधी येते, त्यामागे ‘अंत’ (ग्रांथिक भाषेत ‘एंदु’) येते, आणि मग सांगणारे क्रियापद. ‘अंत’ व ‘एंदु’ ही रूपे ‘म्हणणे’ ह्या अर्थाच्या धातूवरून आलेली आहेत. त्यांचा शब्दशः प्रतिरूप मराठीत ‘म्हणून’ हाच. दक्षिणेकडील मराठीत ‘तो उद्या येणार म्हणून सांगितला’ ही रचना स्वाभाविक आहे, व जुन्या प्रमाण गद्यालाही ती अगदी अपरिचित नाही. ग्रांथिक मराठीने मात्र उलटी रचना पत्करली : ‘व्हिट्नी असे म्हणतो की, …’. विधान जोडणारा हा ‘की’ फारसीच्या संपर्कातून रूढ झाला असे सामान्यतः मानले जाते, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरांनी तो अधिकच पक्का केला. ह्यामुळे प्रमाण भाषेत ‘म्हणून’ शब्दाकडे मुख्यतः कारण दर्शविण्याचे काम राहिले. माझ्या विद्यार्थ्याने मताचा निर्देश केला होता. मी कारण वाचले. त्याचे वाक्य बरोबर होते, व माझा शेरा चुकीच्या भाषेत दिलेला होता.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. संस्कृतात ‘इति’ हा शब्द उद्धृत मजकुराच्या मागाहून येतो. शास्त्रग्रंथांत आधी मत, मग ‘इति’, मग आचार्याचे नाव, अशी मांडणी नित्याची आहे. १९५६ साली एमेनो ह्यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा सिद्धांत मांडला. पुढे १९६७ मध्ये कॉयपर ह्यांनी संस्कृतातील ‘इति’चा हा प्रयोग व द्राविडी भाषांतील ‘म्हणून’सारखी रचना ह्यांचे साम्य त्याच्या पुष्ट्यर्थ पुढे केले. तेव्हा दुधनीकडील विद्यार्थ्याचे वाक्य गावंढळ ठरवून आपण ज्या रचनेवर रेघ मारतो, ती ह्या देशातील शास्त्रीय गद्याची फार जुनी रचना आहे. आपला ‘की’ तिच्या तुलनेने कालचा. अर्थात ह्यावरून ‘म्हणून’ची रचना आजच्या प्रबंधात चालू द्यावी, असे मी म्हणत नाही. वाचकाची अपेक्षा जेथे ‘की’ची आहे, तेथे ‘म्हणून’ घोटाळा करतो, आणि लिहिणाऱ्याचेच नुकसान होते.

हे नुकसान आता केवळ दोन-चार गुणांपुरते राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारे नियम केले, व प्रबंधांची साम्यतपासणी ही रीतच झाली. मतकर्त्याचे नाव परिच्छेदाच्या शेवटी एकदाच देणारा विद्यार्थी आपल्या समजुतीने पूर्ण श्रेय देत असतो; ‘म्हणून’च्या रचनेत मागाहून येणारे नाव आधीच्या सगळ्या विधानांना कवेत घेते. ‘की’च्या रचनेची सवय असलेल्या परीक्षकास मात्र नाव येईपर्यंतची सगळी वाक्ये निनावी उचललेली वाटतात. नियम योग्यच आहे. पण ज्या कृतीस आपण अप्रामाणिकपणा म्हणतो, तिचा काही भाग व्याकरणाचा असू शकतो, हे चौकशी करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाचा उपक्रम सुचविला आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा कार्यक्रमांत परिसराची ओळख, नियमांची माहिती व मान्यवरांची भाषणे होती. वाक्याला तेथे जागा नव्हती.

त्या विद्यार्थ्यास मी पुढे बोलावून घेतले. त्याची वही पाहिली. व्याख्यान मराठीतून झालेले, टिपणाची मुख्य ओळ मराठीत, समासात कन्नड लिपीत स्वतःचे प्रश्न, आणि ग्रंथांची नावे इंग्रजी लिपीत. एका तासात तीन लिप्या व तीन भाषा सांभाळून तो ऐकत होता, आणि समासातले प्रश्न चांगले होते. त्यांतला एकही उत्तरपत्रिकेत उतरला नव्हता. का, असे विचारता तो म्हणाला, ‘सर, ते माझं म्हणणं आहे, पुस्तकाचं नाही. पेपरात कसं लिहू?’ मी ‘म्हणून’ व ‘की’ ह्यांचा भेद समजावून सांगितला. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, ‘मग नाव आधी आलं की तिथून सगळं त्यांचं. माझं कुठून सुरू झालं हे कसं दाखवायचं?’ ह्या प्रश्नास त्या दिवशी मजजवळ धड उत्तर नव्हते. ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ असे आपण लिहितो खरे; पण ते लिहिण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, हे आपल्याला कोणी शिकविलेले नसते.

त्यानंतर पहिल्या सत्राचे आरंभीचे दोन आठवडे मी वर्गात एवढेच करतो. एकच लहानसा उतारा घेऊन त्यातील मत कोणाचे, आक्षेप कोणाचा, निष्कर्ष कोणाचा, हे विद्यार्थी आधी आपल्या घरच्या भाषेत सांगतात, मग ते ग्रांथिक मराठीत लिहितात, आणि दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी मांडली जातात. कन्नड, तेलुगू, दखनी, वडारी, सोलापुरी ‘करलालाय’सह मराठी, अशी वाक्ये फळ्यावर येतात. पुण्याकडून आलेले विद्यार्थी प्रारंभी हसतात. आपलेही वाक्य घरचे व वहीचे वेगळे पडते हे दिसल्यावर हसणे थांबते. परिणाम संमिश्र आहे. मतनिर्देशाची वाक्ये सहसा दोन महिन्यांत सुधारतात. ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ हे काही जण गरजेपेक्षा फार लवकर लिहू लागतात. लिंगाच्या चुका जवळजवळ पूर्वीइतक्याच राहिल्या आहेत. ‘भिंत पडलं’ अजूनही उत्तरपत्रिकेत येते, आणि तेथे मी आता पेन्सिलीने खूण करून पुढे जातो.